दोन टोल गाडीचे

मी तलावाकाठच्या स्टेशनातली घंटा बोलतेय. खरं तर रुळाचाच तुटका तुकडा. भोक पाडून शेडखाली टांगला, तेव्हापासून घंटा झाले. मार खायची सवय मात्र कधी झाली नाही. प्रत्येक टोलाला मी दचकते.

स्टेशन म्हणजे एक तिकीट-खिडकी, एक बाक, एक हापशी. सकाळी चंद्रपूरला जाणारी पॅसेंजर, संध्याकाळी तीच परत. मागे जंगल, समोर रूळ, पलीकडे तलावाची पाळ. पाळीआड ढिवरांच्या बाया मासोळ्या धरायच्या. गाडी मागच्या स्टेशनातून सुटली की पोर्टर भैयाजी दोन टोल द्यायचे. ते ऐकूनच बाया पाण्यातल्या टोपल्या उचलून बाजारासाठी गाडी गाठायच्या. तोवर मासोळी जिवंत राहायची.

आणि वाघ दिसला, तर टोल थांबवायचे नाहीत. मग पाळीवर कुणी चढायचं नाही.

कुंता लेकीला कडेवर घेऊन यायची. "भैयाजी भाऊ, हळू हाना नं. साधना दचकते माही."

"मंग गाडीलेच सांग, हळू ये म्हणून."

पुढे भैयाजी निवृत्त झाले. लाउडस्पीकर आला. मला लाल रंग मिळाला, मला हाणायची लोखंडी दांडी कुणीतरी नेली. स्पीकरला फक्त गाड्या ठाऊक. मासोळ्या धरणाऱ्या आशाबाईंना पाळीवर वाघानं नेलं, त्या सकाळी तो गाडीच्या उशिराबद्दल माफी मागत होता. मी इथेच लटकत होते.

परवा साधना कॉलेजला जायला बाकावर बसली होती. रूळ ओलांडून वाघ पाळीकडे गेला. पाळीआड तिची माय.  साधनानं गिट्टीतला दगड उचलून मला हाणला. एक. दोन. दगड हातातून निसटला.

दोन टोल म्हणजे गाडी. पाळीवर कुंताची टोपली वर येऊ लागली.

साधनानं पिशवीतून स्टीलचा डबा ओढला आणि हाणतच राहिली. झाकण उडालं, भात सांडला, तरी थांबली नाही. टोपली थबकली. मग हळूहळू खाली गेली. वाघ बराच वेळ पाळीखाली उभा राहिला आणि झुडपांत शिरला.

गाडी आली, गेली. दोघी चढल्या नाहीत. माझ्याखाली सांडलेला भात गोळा करत कुंता म्हणाली, "दोनच काऊन देले वं?"

"हात कापून राह्यला होता, माय."

मला पुन्हा रंग नको. तेवढी एक दांडी माझ्याशेजारी अडकवा, थरथरत्या हातालाही सापडेल अशी. मी दचकेन. दचकू द्या मला.