चष्मेवाल्यांचा जोडतारा

चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक सगळ्यांना चष्मेवाले म्हणूनच ठाऊक होते. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि हिवाळा आला की सातलाच दुकान बंद करून, कानटोपी चढवून, परसात दुर्बिणीशी जाऊन बसायचे. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात ढग. आकाश हाती लागायचं ते याच तीन महिन्यांत. यंदा तर त्यांनी शोधच लावला होता. शेजारच्या पत्र्याच्या शेडवर उगवणारा एक तारा सगळ्या नकाशांत एकटा होता आणि चष्मेवाल्यांना तो दोन दिसत होता.

"जोडतारा आहे तो," त्यांनी बायकोला सांगितलं. "आजवर एकाच्याही लक्षात आलं नाही."

"एकाच्याही?" बायको म्हणाली. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती चौकटींत काचा बसवायची. केसभर फट राहिली तरी तिला झोप येत नसे.

तिने दुर्बिणीला डोळा लावला, चक्री जराशी फिरवली आणि म्हणाली, "मला तर बाई एकच दिसतोय."

"सवय लागते गं त्याला."

रविवारी आकाशप्रेमी मंडळात ते या ताऱ्यावर निबंध वाचणार होते. सोबत फोटो हवा होता आणि फोटो काही केल्या जमत नव्हता. तारा कापसाच्या बोळ्यासारखा यायचा. आधी त्यांनी दवाला दोष दिला, मग शेजाऱ्यांच्या जिन्यातल्या दिव्याला, मग थंड हवेला आणि शेवटी कॅमेऱ्याला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे तर अंगण खरोखरच होतं, बिचारं चांगलं सपाट.

त्याच परसात सकाळी बायकोचं राज्य असायचं. शाल गुंडाळून ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायची आणि थंडीत उन्हाला येणाऱ्या पाखरांचे फोटो काढायची. चष्मेवाले त्याला चिमण्यांचा स्टुडिओ म्हणत. गुरुवारी तिने एक फोटो छापून आणला. नळाच्या तोटीवर बसलेला परीट पक्षी, शेपटी वर, पोटाचं पीस न पीस मोजून घ्यावं इतकं स्पष्ट.

चष्मेवाल्यांनी फोटो हातात घेतला, मान तिरकी केली आणि उदार मनाने म्हणाले, "वा! जोडी झकास आलीय."

बायको हसली. मग तिने फोटो परत घेऊन पाहिला. पक्षी एकच होता, तोटीही एकच होती. तिचं हसू जागच्या जागी विरलं. गेल्या महिन्यात यांनी दोनदा कपाबाहेर चहा ओतला होता आणि दोन्ही वेळा कपाला नावं ठेवली होती, हे तिला आत्ता आठवलं.

"एकदा डोळे दाखवून घ्या," ती म्हणाली.

"कुणाला? मला? अगं, मी रोज तपासतो माझे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो!"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मोतीबिंदू झालेल्या शेकडो गिऱ्हाइकांना त्यांनी पाठीवर थाप मारून दवाखान्यात धाडलं होतं. "अर्ध्या तासाचं काम, लहान मुलासारखे घाबरता काय!" आणि स्वतः मात्र पुरते घाबरले होते. त्यांच्या वडिलांनी डोळे दाखवले त्याच आठवड्यात दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हातात आल्या होत्या, आणि म्हातारा पुढे त्याच दुकानात गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून राहायचा. या चष्मेवाल्यांना किल्ल्या द्यायला मूलही नव्हतं. डोळ्यांत काही नाही असं एकदा ठरवलं की दुकानही आपलं आणि ताराही आपला.

शुक्रवारी दुकान बंद करायच्या वेळी बायको मागच्या खोलीतून बाहेर आली.

"बसा खुर्चीवर. माझ्यासमोर वाचून दाखवा, मग मी पुन्हा बोलणार नाही."

"बघ हं, शब्द दिलास!"

ते पायावर पाय टाकून बसले. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, त्यामागचा दिवा बायकोने लावला. वरची अक्षरं मोठी होती, ती त्यांनी सरळ वाचली. मधल्या ओळींना जरा अडखळले आणि तक्त्यावर धूळ बसलीय म्हणाले. शेवटच्या ओळीला मात्र आवाज चढला, पाढे म्हणणाऱ्या मुलासारखे ते एका दमात म्हणाले, "ल, न, ट, ग, र, व, क!"

बायको तक्त्याशेजारीच उभी होती.

"काय? एक तरी चुकलं का?"

"तीस वर्षं तोच तक्ता आहे," ती म्हणाली. "तुम्ही झोपेतही म्हणाल. शेवटच्या ओळीवर मी दुपारी कागद चिकटवलाय. जवळ जाऊन बघा काय लिहिलंय."

चष्मेवाले उठले. अर्ध्या खोलीत थांबून त्यांनी डोळे बारीक केले, मग आणखी दोन पावलं टाकली. शेवटी नाक तक्त्याला लागायच्या बेतात आलं तेव्हा बायकोचं काचेवर खुणा करायचं ते नेटकं अक्षर त्यांना लागलं: 'उद्या अकरा वाजता दवाखाना. मी बरोबर येतेय. किल्ल्या माझ्याकडे.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. बायकोकडे वळायचा धीर होईना, म्हणून ते भिंतीशीच बोलले.

"अक्षर फार बारीक काढलंस गं."

"गिऱ्हाइकं वाचतात तेवढंच आहे," बायको म्हणाली आणि तिने जवळ येऊन त्यांचा हात धरला.