संचलनाचं गाणं

मुख्य पाहुण्यांच्या डोक्यावरचा म्हैसुरी पेटा सारखा उजवीकडे कलंडत होता. संहिता त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून तो दोन्ही हातांनी नीट बसवत होती, तेवढ्यात मैदानाच्या चारी कोपऱ्यांतले स्पीकर खरखरले आणि ड्रम वाजायला लागले. आधी एकच, जड आणि सावकाश. मग त्याच्या मागून दुसरा. मग गिटारी. संहिताचे हात पेट्यावरच थांबले.

“बसला का, मॅडम?” पाहुण्यांनी मान न हलवता विचारलं. एके काळी राज्याकडून हॉकी खेळलेले, सत्तरीचे, अगदी सज्जन गृहस्थ होते ते.

“बसला, सर,” ती म्हणाली आणि मागे सरकली.

जे. पी. नगरमधल्या त्या शाळेचा क्रीडादिन होता. चार हाऊसची चार पथकं संचलन करत मंचासमोरून जाणार आणि सगळ्यांत चांगल्या पथकाला ढाल मिळणार, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. आपलं गाणं प्रत्येक हाऊस स्वतः निवडतं आणि शेवटच्या दिवसापर्यंत लपवून ठेवतं. शिक्षकांपैकी ते फक्त पीटीच्या मल्लाप्पा सरांना ठाऊक असतं. तीन हाऊस देशभक्तीच्या गाण्यांवर चालून गेली होती. आता कावेरी हाऊस येत होतं, आणि त्यांनी लावलेलं गाणं त्यांच्यातल्या नववीच्या मुलांना संहितानंच महिन्याभरापूर्वी वर्गात ऐकवलं होतं.

नववीला इतिहासात नाझी जर्मनीचा धडा आहे. संहिता तो चौदा वर्षं शिकवत होती, आणि चौदा वर्षं तो मुलांच्या अंगावरून नुसता वाहून जात होता. पाच गुणांचं उत्तर सगळ्यांना यायचं. साठ लाख ज्यू मारले, हे कुणी चुकवत नसे. तास संपला की तीच मुलं गणिताच्या मॅडमना लाडानं हिटलर म्हणायची. त्यांना तरी काय बोल लावायचा? तिच्या स्वतःच्या घरी, बसवनगुडीत, अण्णा आईला “आमचा हिटलर” म्हणत, आणि आई पदर खोचत खुशीत हसे. आपल्याकडे तो शब्द कुणाला बोचतच नाही.

म्हणून या वर्षी तिनं गाणं काढलं. पोलंडमधल्या एका हेवी मेटल बँडचं, इंग्रजीतलं. नाझी छळछावणीच्या फाटकाशी पहारेकरी कैद्यांचंच एक बँडपथक उभं करत. बाकीचे कैदी सकाळी कामाला निघाले की त्यांनी लष्करी चाली वाजवायच्या, म्हणजे रांगा ठेक्यात चालतील आणि पहारेकऱ्यांना मोजायला सोप्या जातील. संध्याकाळीही वाजवायचं. तेव्हा काही जण दुसऱ्यांच्या खांद्यावरून परत येत. गाणं त्यातल्या एका व्हायोलिनवाल्याच्या तोंडी होतं. बँडनं त्या चालीवर मुद्दाम गिटारी चढवल्या होत्या. ऐकणाऱ्याचा पाय आधी आपोआप हलावा, आणि मागाहून शब्द कळले की त्याला त्या पायाची लाज वाटावी, असा त्यांचा डाव होता.

संहितावर तो डाव लागू पडला होता. विसाव्या वर्षी, कॉलेजच्या फेस्टमध्ये, काळा टीशर्ट घालून आणि केस मोकळे सोडून ती शेकडो पोरापोरींबरोबर याच गाण्यावर घसा बसेपर्यंत ओरडली होती. आठवड्यानं मैत्रिणीकडच्या सीडीच्या आतल्या पुस्तिकेत तिनं शब्द वाचले. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. पुढे तिनं इंजिनियरिंग सोडून इतिहास घेतला तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. आपण का सोडतोय, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगून कळण्यासारखं नव्हतं ते.

तर तिनं वर्गात गाणं लावलं आणि शब्दांचा अर्थ फळ्यावर लिहिला. शौर्य नावाच्या मुलानं मागच्या बाकावर पट्टीची गिटार केली. एकानं बँडचं नाव विचारलं, एकीनं हे परीक्षेला येणार का म्हणून विचारलं. एक जण म्हणाला, पण मिस, हिटलरनं रस्ते चांगले बांधले होते ना? संहितानं सगळ्यांना शांतपणे उत्तरं दिली. आत मात्र तिचा धीर सुटत चालला होता. तिला काही चाळीस मुलं नको होती. एक हवं होतं. ज्याच्या आत ते जाईल आणि आतच राहील, असं एक मूल मिळालं असतं तरी तिला ही चौदा वर्षं फुकट गेली नाहीत असं म्हणता आलं असतं.

मधल्या सुट्टीत अनुषा जागची उठली नाही. कावेरी हाऊसची कॅप्टन, अबोल मुलगी, घरी मराठी बोलणारी. डबा न उघडता ती फळ्यावरचे शब्द वहीत उतरवून घेत होती आणि मनगटानं डोळे पुसत होती. संहिता तिला न हटकता बाहेर पडली. स्टाफरूममध्ये जाऊन पाणी प्यायली, आणि त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये उगाचच हसत राहिली. मिळालं होतं तिला एक.

आता तीच अनुषा हाऊसचा निळा झेंडा घेऊन सर्वांच्या पुढे चालत येत होती.

पथक सुंदर चालत होतं, हे कबूल करायलाच हवं. पांढरे कपडे, निळे पट्टे, चाळीस जणांचे बूट एका वेळी जमिनीवर. गायकाचा आवाज म्हणजे लोखंडी घमेल्यातून खडी ओतावी तसा. त्यातला एक शब्दही कुणाला कळत नव्हता. आईबापांनी मोबाईल उंच धरले होते. कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला आणि बघता बघता सगळा मंडप त्यात सामील झाला. पाहुणे गुडघ्यावर बोटं वाजवत शेजारच्या प्रिन्सिपॉलना कन्नडमध्ये “चेन्नागिदे, चेन्नागिदे” म्हणाले, छान आहे म्हणून.

संहिता मंचाच्या मागच्या पायऱ्या उतरून जवळजवळ पळतच साउंडच्या टेबलाशी गेली. तिथे मल्लाप्पा सर उभे होते. निपाणीकडचे, गळ्यात शिट्टी, तोंडभर हसू.

“सर, हे बंद करा.”

“आँ? आत्ता?”

“आत्ता. प्लीज.”

“बाई, पोरांचा पाय चुकंल की! तीन आठवडं घाम गाळलाय त्यांनी. बघा तरी, एक जण तरी चुकायलाय काय? ठेका कसला भारी हाय!”

“सर, हे गाणं कशावर आहे ठाऊक आहे तुम्हाला?”

“इंग्लिश हाय,” सर म्हणाले आणि पुन्हा मैदानाकडे बघायला लागले.

स्पीकरची वायर तिच्या पायाशीच होती. ती उपटली असती तर पथक मैदानाच्या मधोमध गडबडलं असतं, मुलं रडली असती, आईबापांनी प्रिन्सिपॉलना घेरलं असतं आणि प्रिन्सिपॉलनी तिला. एवढंच झालं असतं. ती वायरीकडे बघत राहिली आणि तोवर पथक मंचासमोर आलं. अनुषानं हुकूम दिला. चाळीस उजवे हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे गेले. ही सलामी शाळा सुरू झाल्यापासूनची. संहिता याच शाळेत शिकली होती. तिनंही दहा वर्षं असाच हात केला होता, आणि त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आज तिला ते बघवेना. पाहुणे उठून उभे राहिले आणि हसऱ्या चेहऱ्यानं त्यांनी सलामी स्वीकारली.

ढाल कावेरीला मिळाली. कुणाला शंकाच नव्हती.

संहिता पाण्याच्या पिंपांमागे येऊन उभी राहिली होती. तिथे मंडपाचं कापड आडवं होतं आणि तिला दोन मिनिटं कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. अनुषा शोधत शोधत तिथे आली. झेंडा तिनं कुणाकडे तरी दिला होता, पण पट्टा अंगावर होता.

“मिस, तुम्ही मला रागवणार ना?”

“गाणं कुणी निवडलं?”

“शौर्यनं. मी नको म्हटलं, मिस. खरंच. सगळ्यांना जिमखान्यात बसवलं आणि वहीतून वाचून दाखवलं. कोण वाजवत होतं, कोण चालत होतं, संध्याकाळी काय व्हायचं, सगळं.”

“मग?”

“ऐकलं त्यांनी. दोघी तर रडल्या. मग शौर्य म्हणाला, शब्द कुणाला कळणार नाहीत, आणि असा ठेका दुसऱ्या कुठल्या हाऊसकडे नाही. हात वर करा म्हणाला. रडल्या त्यांनी पण केले.”

“तू?”

“मी नाही केला. मी एकटीच राहिले.”

संहिताला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण अनुषाचं सांगून झालं नव्हतं. ती पट्ट्याचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती आणि सोडत होती.

“कॅप्टनपद सोडणार होते मी, मिस. अम्माला सांगितलं पण. अम्मा म्हणाली, एकदा चालून बघ, मग ठरव. म्हणून चालले. मला वाटलं, चालताना मला ते लोक आठवणार, रडू येणार, आणि मी थांबणार.”

“आणि?”

“नाही आलं रडू.” अनुषानं मान खाली घातली. “सगळ्यांचे पाय एकदम पडायला लागले ना, मिस, इतकं चांगलं वाटलं. मला सगळं ठाऊक होतं, तरी पण. आज तर आणखीनच. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा मला वाटलं, हे संपू नये.” मग अगदी हळू म्हणाली, “असं का वाटलं, मिस?”

  ज्या मुलीवर संहितानं सगळी भिस्त ठेवली होती त्या मुलीला सगळं कळलं होतं, अगदी आतपर्यंत गेलं होतं, आणि त्यानं काही म्हणता काही झालं नव्हतं. लाज वाटली की माणूस थांबतो, असं धरून ती इतकी वर्षं शिकवत आली होती. मघाशी वायर तिच्या पायाशी होती, आणि तीही थांबली नव्हती. आपल्याला रडू फुटेल, असं तिला वाटलं. शिक्षिकेनं विद्यार्थिनीसमोर रडू नये म्हणून तिनं दात घट्ट आवळले.

“रागवा ना, मिस,” अनुषा म्हणाली.

तेवढ्यात स्पीकर पुन्हा खरखरले. विजेत्या कावेरी हाऊसनं मैदानाला एक फेरी मारावी, पाहुण्यांची खास विनंती आहे, गाणं तेच. मंडपातून आरोळी उठली. मंडपाच्या कापडाच्या फटीतून पथक दिसत होतं. मुलं रांगा लावून उभी होती, शौर्य ढाल डोक्यावर धरून नाचत होता, आणि सर्वांत पुढची जागा रिकामी होती. मल्लाप्पा सर शिट्टी वाजवून हातानं बोलावत होते. प्रिन्सिपॉलही मंचावरून इकडेच बघत होत्या.

अनुषा हलली नाही.

“मिस, जाऊ?”

अनुषाला तिच्याकडून ‘नको’ ऐकायचं होतं. चौदा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर ते लख्ख दिसत होतं, त्यासाठी शिक्षिका असण्याची गरज नव्हती. मिस नको म्हणाल्या, एवढं जरी तिला सांगता आलं असतं, तरी ती इथेच उभी राहिली असती. मुलांनी चार दिवस अबोला धरला असता, तोही तिनं सोसला असता.

संहितानं तिच्या खांद्यावरचा पट्टा सरळ केला.

“जा,” ती म्हणाली. “सगळे खोळंबलेत तुझ्यासाठी.”

अनुषानं मान वर केली. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. सुटल्यासारखी झाली ती, आणि संहिताला आजवर त्याहून भयंकर काही बघावं लागलं नव्हतं.

“सरी, मिस,” ती कन्नडमध्ये म्हणाली, बरं म्हणून.

ड्रम सुरू झाले होते. अनुषा पिंपांना वळसा घालून मैदानात पळत गेली. अर्ध्या वाटेत तिचं पळणं कमी झालं, आणि आपल्या जागेवर पोचायच्या आतच तिचे पाय ठेक्यात पडायला लागले.