अपोलेनाची धून

"मातौश, अरे गप्प! आपल्याला चोवीस आवर्तनं थांबायचंय!"

मी कोपराने ढोसलं, पण ऐकतो कुठला! सव्वीस वर्षं व्हिओलाच्या, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठ्या वाद्याच्या, शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसणारा हा माणूस भर तालमीत एकटाच वाजवत सुटला होता. स्वरलिपी उतरवून देणारा नकलनवीस आमच्या कागदावर व्हायोलिनचे सूर बारीक अक्षरांत लिहून ठेवतो, आपण कुठे आलो ते कळावं म्हणून. ते वाचायचे असतात, वाजवायचे नसतात. मुख्य व्हायोलिन वाजवायला व्हिएन्नाहून आलेल्या बाईंनी व्हायोलिन खाली घेतलं.

वाद्यवृंदाचा संचालक कडाडला, "एवढं शिकाऊ पोरालाही कळतं! संध्याकाळी कार्यक्रम आहे आणि हे काय?"

"चुकलं साहेब. हात आवरला नाही."

आवरणार कसा? ती धून त्याच्या बायकोची होती. हिवाळ्यात गल्लीतल्या बायका उशांसाठी बदकांच्या पिसांच्या काड्या सोलायला जमल्या, की अपोलेना ती गुणगुणायची. ती गेल्यावर मातौश गुणगुणू लागला आणि धून कोर्बेलसाहेबांच्या कानावर पडली. ते व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी मोठी रचना करत होते; मधला संथ भाग काही केल्या जमत नव्हता. "मातौश, ही मला द्याल?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा हा आठवडाभर हवेत होता. पण नेमक्या त्याच भागात आम्हा व्हिओलावाल्यांना मुकाट बसायचं होतं. ती एकदा, फक्त एकदा लोकांपुढे वाजवावी, एवढंच त्याला हवं होतं.

मागच्या खुर्च्यांतून कोर्बेलसाहेब धावतच आले. "थांबा, थांबा! मातौश, पुन्हा वाजवा. बाई, तुम्ही त्याच्यानंतर शिरा."

पुन्हा वाजलं. बाई ओरडल्याच, "अहो, हेच तर हवं होतं!"

साहेबांनी तिथेच पेन्सिल काढली. आधी व्हिओला एकटा, मग व्हायोलिन! मातौशने माझा गुडघा असा दाबला, की मी कळवळलो.

"पण एकट्याने वाजवायचं ते पहिल्या खुर्चीवरच्या प्रमुख वादकाने," संचालक म्हणाला. रिवाजच तो. साहेबांनी मातौशकडे पाहिलं, मान खाली घातली आणि कागद पहिल्या खुर्चीवरच्या बुबेनिकपुढे ठेवला.

मला वाटलं, मातौश आता उठून जाणार. तो उठला, पण बुबेनिकपाशी गेला. "इथे श्वास धरा बरं का. पिसं उडू नयेत म्हणून माझी अपोलेना धरायची."

संध्याकाळी अख्खं सभागृह उभं राहिलं. साहेबांनी बुबेनिकला उठवलं, तसे आम्ही सगळे गजाने समोरच्या स्टँडवर टकटक करू लागलो; वादकांची दाद ती अशीच. बाकीचे थांबले. मातौश ठोकतच राहिला. शेवटी मी त्याचा हात धरला.