अंगठ्याला बांधलेला हार

मनगट मोडलं तेव्हापासून आमच्या घरात मला काचेच्या कपासारखं जपतात. इथे कॅनडात, ब्रॅम्पटनला, आमच्याच ड्राइव्हवेवर फावड्याने बर्फ काढताना घसरले. प्लास्टर निघालं, पण उजव्या हाताच्या चिमटीत जोर म्हणून येईना. ठीक आहे, वय झालं. पण म्हणून बियांकाने, माझ्या सख्ख्या नातीने, लग्नाची फुलांची वेणी दुकानात ऑर्डर करावी? तीही मला न विचारता?

आमच्याकडे नवरीची वेणी आजीच्या हातची असते. वसईला माझी माझ्या आजीने बांधली, माझ्या लेकीची, रेबेकाची, माझ्या आईने बांधली. आणि बियांकाची कोण बांधणार, तर मॉलमधली कुणी बया! "नॅना, युअर हँड," एवढंच पोरगी म्हणाली, तेही प्रेमाने. प्रेमाने म्हणाली म्हणून तर जास्त लागलं. ओरडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते.

तर त्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर रेबेकाने आम्हा सगळ्यांना डेनिसच्या गाडीत कोंबलं आणि व्हिटबीच्या पुढची डच लोकांची बाग बघायला नेलं. डेनिस म्हणजे माझा नवरा. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे शेती करायला आलेल्या वाडवडिलांच्या आठवणीत त्या लोकांनी ही बाग केलीय. पवनचक्की काय, कालवा काय, आणि ट्यूलिप तर विचारू नका. डेनिस पवनचक्कीकडे मान वर करून म्हणाला, "आपला रहाट बैल ओढायचा, यांचा वारा ओढतो. चारा वाचला."

पवनचक्कीखाली हारांची स्पर्धा होती. हायसिंथच्या फुलांचा हार करायचा, आपल्या गाडीच्या बॉनेटवर बांधायचा आणि खडीच्या रस्त्याने बागेला एक चक्कर मारायची. ज्याच्या हारात जास्त फुलं उरतील तो जिंकला. तिकडे हॉलंडमध्ये वसंतात गाड्यांना असे हार घालतात म्हणे.

"मी बसणार," मी म्हटलं.

"मम्मी, उगाच हट्ट नको," रेबेका म्हणाली. "हाताला काही झालं म्हणजे?"

"झालं तर झालं. हात माझा आहे ना?" मग मी बियांकाकडे वळले. "ऐक गो. हा हार धड झाला तर तुझी वेणी मी बांधणार. नाही झाला तर तुझी दुकानवाली. मग मी तोंडातून ब्र काढणार नाही."

तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ओके, नॅना."

माझ्या शेजारी हेंड्रिका नावाची म्हातारी बसली होती, निळा एप्रन, पायात लाकडी बूट. दरवर्षी हीच जिंकते, असं कुणीतरी सांगितलं. सर्रसर्र सुईने फुलं ओवत होती बाई. मी सुई उचलली, पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. देवा येशू, काय लाज वाटली! समोर बियांका उभी. तिच्या डोळ्यांत कीव दिसली आणि माझं टाळकंच सटकलं.

खड्ड्यात गेली सुई! आमच्या वाडीत सुईने फुलं ओवायचं कुणी? मी खुर्चीवरून उठले, गवतावर बैठक मारली, बूट काढला, मोजा काढला आणि दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं.

"मम्मी! शूज!" रेबेका किंचाळली. लोक बघायला लागले. बघेनात का!

अंगठा दोरा ताणून धरतो, म्हणून उजव्या हाताच्या चिमटीची गरजच लागत नाही. डाव्या हातात दोन फुलं उलटसुलट धरायची, उजव्याने नुसता फास टाकायचा आणि ओढायचं. पहिले फास वाकडे पडले. मग बोटांना आठवलं. मनगट ठणकत होतं, पण हार वाढत होता, आणि मला हसू आवरेना.

स्पर्धेचा माइकवाला बुवा धावत आला. सुई न वापरता चालेल का, असं त्याचं चाललं होतं. हेंड्रिकाने मान वर न करता त्याला सुनावलं, "फुलं आणि दोरा, एवढाच नियम आहे. बसू दे तिला."

हार बॉनेटवर चढले, गाड्या निघाल्या. डेनिसला मी बजावलं होतं, सावकाश चालव. पण हा माणूस माझं कधी ऐकतो? पवनचक्कीच्या वळणावर गाडी खड्ड्यात आदळली आणि आमच्या हाराचा दोरा वायपरपाशी फट्कन तुटला. संपलं, म्हटलं.

त्याच खड्ड्यात हेंड्रिकाच्या मुलाची गाडी आली. तिचाही दोरा तुटला आणि ओवलेली फुलं भराभरा खडीवर सांडली. माझा हार मात्र तुटल्या टोकाशी फडफडत होता आणि फुलं जागच्या जागी! प्रत्येक जोडीला वेगळी गाठ, सांडतील कशी? डेनिस हॉर्न वाजवत, खिडकीतून हात हलवत आला, जसा काही हार त्यानेच बांधला.

हेंड्रिकाने वाकून एक गाठ नखाने उकलून पाहिली. उकलेना. मग माझा दुखरा हात धरून तिने वर उचलला आणि सगळ्या बागेला दाखवला. काय टाळ्या पडल्या!

मी बियांकाला शोधत होते. ती बाजूला उभी राहून फोनवर बोलत होती. दुकानवाल्या बाईला सांगत होती की वेणी नको, पांढरी फुलं तेवढी सुटी पाठवा, माझी आजी बांधणार आहे.

एक पाय अनवाणी, तशीच मी तिथे गवतात उभी होते. मला रडू फुटलं आणि ते मी कुणापासून लपवलं नाही.