मी पाण्यात कमी

मी गोदामात साठा तपासतो. एकतीस वर्षं झाली. वहीत लिहिलंय ते फळीवर आहे का आणि फळीवर आहे ते वहीत आलंय का, एवढंच माझं काम. ते करता करता माणूसही तसाच होतो, असं माझी बायको पाहुण्यांना सांगते. जेवायला बसलो तरी मी आधी ताटातले जिन्नस मोजतो म्हणे. तेव्हा दादाच्या खाऱ्या पाण्यातले जीव मोठ्या टाकीत हलवायचे ठरले आणि मोजायला वहिनींनी मला बोलावलं, यात नवल नव्हतं.

दादा, माझा थोरला भाऊ, जाऊन चार महिने झाले होते. पाचशे लिटरची नवी टाकी त्यानेच सांगून ठेवली होती. ती घरी आली तेव्हा सांगणारा नव्हता. जुनी दोनशेची टाकी खिडकीशी, नवी कोरडी टाकी समोरच्या भिंतीला आणि मधे दादाची खुर्ची. तिच्या उशीत त्याच्या बसण्याचा खळगा अजून होता. आम्ही तिघंही खुर्चीला वळसा घालून जात होतो. वहिनी, मी, आणि दादाला मासे, दगड, दिवे सगळं पुरवणारा टाकीवाला. खुर्ची बाजूला करू या, असं तिघांपैकी कोणी म्हणालं नाही.

जुनी टाकी मागच्या सांध्यातून झिरपत होती. भिंतीवर पांढरी खरखरीत साय चढली होती, जवळजवळ माणसाच्या खांद्याइतकी उंच. टाकीवाल्याने ती बोटाने खरवडून चाटली आणि सांधा आठवडाभरसुद्धा धरणार नाही असा निकाल दिला. हलवायचं तर आजच.

वहिनींनी एकच अट घातली. जुन्या टाकीतलं सगळं पाणी नव्या टाकीत जायला हवं, नवं पाणी थेंबभरही नको. टाकीवाल्याला आधी गंमत वाटली. दोनशे लिटर पाणी पाचशेच्या टाकीत पोटरीएवढंही येत नाही, मासे काय आडवे होऊन पोहतील का, असं त्याने विचारलं. वहिनी हसल्या नाहीत, तसा तो वरमला. मग नीट समजावू लागला. तळाची वाळू चार वर्षांची आहे, दगड उचलले की तिच्यातली घाण वर येणार, त्या पाण्यात सगळे संध्याकाळपर्यंत मरतील. बादल्यांत जीवांबरोबर जाईल तेवढं जुनं पाणी पुष्कळ झालं, बाकी सोडून द्यायचं.

"मग हलवू नका," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि डब्यांच्या मागून एक वही काढली. एरवी टाकीवर असायची ती दादाची वही. ही वही मी दादाच्या पश्चात एकदा वाचली होती आणि मिटून ठेवली होती. दुसऱ्यांदा वाचायची छाती झाली नव्हती.

हे समजायला एक गोष्ट सांगायला हवी. वर्षापूर्वी दादाच्या छातीत कळ आली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदय पस्तीस टक्केच काम करतंय. पस्तीस हा आकडा तेव्हापासून घरात राहायलाच आला होता. आणि वहीत, दादाच्या घाईच्या अक्षरात, रोज एक ओळ होती:

मी ३५. सगळे जेवले.
मी ३५. फूल उघडलेल.
मी ३४. सगळे जेवले.

असं खाली खाली. महिन्याभराने तेहतीस, मग बत्तीस. एका ओळीत, 'मी पाण्यात कमी. कारण कळत नाही.' त्याच्या खाली, 'मी ३२. भाऊ आला. बोललो नाही.' त्या दिवशी मी खरंच गेलो होतो. दोन तास बसून गोदामातल्या उंदरांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आणि शेवटची ओळ, तो गेला त्याच्या आदल्या दिवसाची:

मी संपल.

दादा टिंब द्यायला आळशी होता, लहानपणापासून. गुरुजी म्हणायचे, हा टिंबं घरी विसरून येतो. पण हे टिंब राहिलंय की काना-मात्रा राहिली, हे मला विचारायचं नव्हतं.

"रोज त्यांना कळत होतं, भावजी," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "आकड्यासकट कळत होतं. आणि मला म्हणायचे, मी ठणठणीत आहे."

चार महिने त्या हाच एक प्रश्न घेऊन बसल्या होत्या. त्याला ठाऊक होतं का, आणि ठाऊक असून त्याने लपवलं का. विचारायला उरलं होतं ते पाणी. मी पाण्यात, असं त्यानेच लिहून ठेवलं होतं. झाकणावर त्याने चिठ्ठी लावली होती, 'रोज दोन तांबे गोड पाणी', आणि त्या एक दिवसही न चुकता दोन तांबे घालत होत्या. पाणी रोज तेवढंच खाली गेलेलं असायचं. कोणी पिऊन जावं तसं, असं त्या म्हणाल्या, आणि मी उगीचच ओट्यावरचे डबे मोजले. चौदा.

शेवटी एवढं ठरलं की जीव आधी जुन्याच पाण्यात, बादल्यांत काढून घ्यायचे. पाण्याचं पुढे पाहू.

टाकीवाल्याची पद्धत ठरलेली होती. साबण न लागलेल्या बादल्या, उघडे हात, बोटांत अंगठी नको. नळीने पाणी बादल्यांत ओढायचं, मग दगड, मग दगडांवरचे जीव, मासे सगळ्यात शेवटी, कारण भरल्या टाकीत मासा हाती लागत नाही आणि पळून पळून मरतो. तो काढत गेला, मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेलो. गोगलगायी अकरा, पैकी चार हलत नाहीत. शंखातले खेकडे सहा. त्यातला मोठा सारखे शंख बदलतो म्हणून दादा त्याला भाडेकरू म्हणायचा. पांढऱ्या पट्ट्याची कोळंबी एक. समुद्रफूल एक, त्याचा पाय टाकीवाल्याने दगडावरून नखाने इतका हळू सोडवला की मीच श्वास धरून बसलो. तारामासे वहीप्रमाणे दोन, प्रत्यक्षात एक आणि एकाचे दोन पाय.

पाणी वीतभर उरलं तेव्हा अकरा वाजायला आले होते. राहिलेले तिन्ही मासे, दोन नारिंगी आणि एक पिवळा, एकाएकी पळायचे थांबले. काचेच्या एका कोपऱ्यात गोळा झाले आणि खुर्चीकडे तोंड करून स्थिर राहिले. दादा त्यांना याच वेळी खायला घालायचा. टाकीवाला जाळं हातात धरून उभा राहिला. त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "सवय असते हो, साहेब." मी मासे तीन असं लिहिलं.

नव्या पाण्यावरून पुन्हा बोलणं निघण्याआधी त्याला जुन्या पाण्याचा खारेपणा बघायचा होता. एका छोट्या नळीच्या काचेवर त्याने थेंब ठेवला आणि ती डोळ्याला लावून खिडकीकडे तोंड केलं. पस्तीस असायला हवं, तो पुटपुटला. तोंड वाकडं केलं. मग मला म्हणाला, लिहा, मीठ सत्तावीस.

आधीच्याच पद्धतीने लिहावं म्हणून मी वहीचं पुढचं पान उघडलं. दादाच्या ओळीखाली लिहायला लागलो, 'मी', आणि माझा हात थांबला.

एकतीस वर्षं मी लोकांची आखूड केलेली अक्षरं वाचून पोट भरतोय. आणि सख्ख्या भावाच्या वहीत मला मीठ दिसलं नव्हतं.

टाकीवाला सांगतच होता. पाणी नुसतं उडून गेलं तर मीठ मागे राहतं, पण सांधा गळायला लागला की खारं पाणी बाहेर जातं, त्यावर रोज गोडं पाणी पडतं, मीठ उतरत जातं, आणि गळती दिसेपर्यंत कारण कोणाला कळत नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "मी म्हणजे मीठ."

वहिनी बादल्यांच्या मधे स्टूल ओढून बसल्या आणि वही मांडीवर घेतली. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, मोठ्याने वाचू लागल्या. मीठ पस्तीस, सगळे जेवले. मीठ चौतीस. मीठ पाण्यात कमी, कारण कळत नाही. ओळ वाचली की पुढच्या ओळीला त्यांचा आवाज थोडा मोकळा होत होता. भाऊ आला, बोललो नाही, यावर त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या की तुम्ही बोलू द्याल तेव्हा ना. मलाही हसू आलं. साठा जुळत आला की माझ्या पाठीचा ताण उतरतो, तसा उतरत होता.

शेवटच्या ओळीवर त्या थांबल्या. "मीठ संपलं," त्यांनी वाचलं. आणि वर न बघता टाकीवाल्याला विचारलं, संपलं होतं का?

त्याने खोटं बोलावं असं मला मनापासून वाटलं. पण तो सरळ माणूस. खाली वाकून त्याने जुन्या टाकीखालचं कपाट उघडलं. दादा गेल्यापासून ते कोणी उघडलं नव्हतं. आत मिठाच्या दोन पिशव्या होत्या, तोंड न फोडलेल्या.

"मीच दिल्या होत्या, ताई," तो म्हणाला. "साहेब जायच्या पंधरा दिवस आधी."

मी म्हणालो की तिसरी एखादी उघडी पिशवी असेल, ती संपली असेल. तो म्हणाला, असेलही. बादलीत खेकड्याचा शंख कडेला घासत होता. वहिनींनी माझ्या हातातलं पेन घेतलं, त्या शेवटच्या अक्षरावर धरलं. बराच वेळ धरलं. टिंब दिलं नाही, काना-मात्राही दिली नाही. पेन मला परत केलं.

मग उठल्या आणि कपाटातून एक पिशवी स्वतः ओढून बाहेर काढली. नवं पाणी याच मिठाचं करायचं, म्हणाल्या. टाकीवाल्याने खालून शुद्ध पाण्याचे ड्रम आणले. पस्तीसवर एकदम नेलं तर हे जीव मरतील, म्हणून आज पाणी सत्तावीसचंच करायचं आणि मग रोज एकेक आकडा चढवायचा, असं त्याने बजावलं. ते त्यांनी मान हलवून ऐकलं. पिशवी त्यांनीच फोडली. मूठ मूठ करून मीठ नव्या टाकीत सोडत राहिल्या, प्रत्येक मूठ विरघळेपर्यंत हात पाण्यात ठेवून. दुपारी जुन्या टाकीतलं उरलेलं पाणी मोरीत गेलं, तेव्हा त्या तिकडे पाठ करून होत्या.

समुद्रफूल सगळ्यात आधी सोडलं. मासे शेवटी. टाकीवाल्याने पुन्हा थेंब पाहिला आणि बरोबर सत्तावीस म्हणून अंगठा वर केला.

मघाचा अर्धवट राहिलेला शब्द मी पूर्ण केला. पुन्हा कोणाची फसगत नको म्हणून ठळक लिहिलं: मीठ २७. आणि वही वहिनींपुढे धरली, सहीला धरावी तशी.

त्यांनी ओळ पाहिली. हातांवर मीठ वाळून पांढरं झालं होतं, म्हणून बोट न टेकवता त्यांनी लांबूनच दाखवलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तेवढा ठ खोडा."