डावी पानं

मी पुन्हा कामावर जायला लागले त्या गुरुवारी ठिपकीच्या खोलीत या वस्तू होत्या: लाकडी पाळणा एक, चारही बाजूंना गज असलेला. गादी एक, बोटानं दाबली तर खड्डा न पडणारी. चादर एक, गादीखाली घट्ट खोचलेली. झोपायच्या पिशव्या दोन, बिनबाह्यांच्या, खांद्यावर बटणं असलेल्या. एक तिच्या अंगात, एक दोरीवर वाळत. सुती बंड्या सहा. पूर्ण बाह्यांचे झबले पाच. तेलाचा हीटर एक, पाळण्यापासून दीड मीटरवर. भिंतीवर थर्मामीटर एक, पाळण्याच्या उंचीला. खिळ्याला दोरीनं बांधलेली वही एक. आणि आमच्या दोघांचा पलंग.

खोलीत जे नव्हतं तेही मी मोजलं होतं. उशी, रजई, टोपरं आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. या चारही वस्तू मी स्टुलावर चढून स्वतः माळ्यावर टाकल्या होत्या.

ठिपकी म्हणजे माझी मुलगी. पहिल्या सोनोग्राफीत पडद्यावर नुसता ठिपका दिसला तेव्हा नवऱ्यानं दिलेलं नाव, ते चिकटलं. ती पाच आठवडे आधी जन्मली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, "थंडीचे महिने जपा. गार पडली तर ही रडून सांगणार नाही, उलट गप्प होईल. आणि जास्त गुंडाळलंत तर तेही सांगणार नाही. खोली अठरा ते वीस ठेवा. पाळण्यात सुटं काही नको. मोठ्यांच्या अंथरुणात घ्यायचं नाही, रजईखाली तर नाहीच नाही." मी लिहून घेतलं आणि खाली तारीख टाकली.

माझं काम लसींच्या कोठारात. आठवड्यातून तीन रात्री माझी ड्युटी असते: रविवार, मंगळवार, गुरुवार. शीतकपाटांच्या काट्यांवर नजर ठेवायची, आणि मधल्या वेळात लहान कोठारांतून आलेल्या तापमानाच्या वह्या तपासायच्या. तिथल्या माणसानं दर चार तासांनी आकडा बघून लिहायचा असतो. पुष्कळ जण लिहितात. काही जण आठवडाभराचे आकडे शनिवारी दुपारी बसून भरतात. अशा वहीला आमच्याकडे 'एकटाकी' म्हणतात. ती ओळखू येते. सगळं एकाच पेनानं, एकाच तिरकस वळणात, कुठेही खाडाखोड नाही. एकटाकी वही सापडली की त्या कोठारातली लस वापरत नाहीत. ती खराब झालेली असतेच असं नाही. पण ती कुणाला टोचता येत नाही.

जेवताना मी हे किस्से नवऱ्याला सांगायचे. तो पावाच्या कारखान्याची गाडी चालवतो. पहाटे साडेचारला बाहेर पडतो, दहाला परत येतो. त्याला माझ्या कामाची गंमत वाटायची. मला तो 'हवामान खातं' म्हणायचा.

"म्हणजे चोरानं पेन बदलत राहायला हवं," तो एकदा म्हणाला.

"आणि मधेच एखादा आकडा खोडायला हवा," मी म्हणाले. "खरं लिहिणारा माणूस चुकतो."

"बघ आई, सूनबाई चोरांची शिकवणी घेतायत."

सासूबाई हसल्या. मीही हसले.

कामावर परत जाण्याआधी आमचं ठरलं होतं. माझ्या ड्युटीच्या रात्री तो ठिपकीजवळ झोपेल. हीटर चालू राहील. रात्री दहा, एक आणि चार वाजता तो थर्मामीटर बघेल, तिच्या मानेला मागून हात लावेल आणि वहीत आकडा लिहील. मी घरी असेन त्या रात्री उजव्या पानावर मी लिहायचं, माझ्या ड्युटीच्या रात्री डाव्या पानावर त्यानं. हे नक्की होणार नसेल तर मी जाणार नव्हते. तसं मी दोघांनाही सांगितलं होतं.

"अगं, उठतो म्हटलं ना," तो म्हणाला. "गाडी चालवायला उठतो, पोरीसाठी नाही उठणार?"

पहिल्या गुरुवारी दहा वाजता त्यानं फोटो पाठवला. थर्मामीटरवर १९.६, आणि कोपऱ्यात त्याचा अंगठा. पुढच्या रात्रींपासून मीच म्हणाले, फोटो नको, वही पुरे.

ड्युटीवरून सकाळी सातला घरी आले की मी आधी वही बघायचे. मग पाळण्यात हात घालायचे. ठिपकी झोपलेली असायची आणि तिच्याखालची गादी कोमट लागायची. आकडा आणि हात, दोन्ही एकच सांगत होते. एका गोष्टीसाठी दोन पुरावे म्हणजे मला चैन होती. मी आंघोळ करून निवांत झोपायचे.

असे जवळजवळ सहा आठवडे गेले.

मंगळवारी संध्याकाळी थर्मामीटरचे आकडे पुसट दिसायला लागले. सेल बदलावा आणि कोठारातल्या प्रमाण थर्मामीटरशी एकदा ताडून बघावा म्हणून मी तो भिंतीवरून काढून पर्समध्ये टाकला. घरात सांगणार होते. तेवढ्यात ठिपकीनं माझ्या खांद्यावर दूध ओकलं, कपडे बदलण्यात उशीर झाला आणि ते राहूनच गेलं. कोठारात ताडून बघितला तर थर्मामीटर चोख होता. शून्य पूर्णांक एकनं जास्त दाखवत होता, एवढंच. रात्री मला वाटलं, सकाळी डावं पान रिकामं दिसेल आणि नवरा म्हणेल, "हवामान खात्यानं यंत्रच पळवलं, मग मी काय करू?"

बुधवारी सकाळी डाव्या पानावर लिहिलं होतं: रात्री दहा, १९.४. रात्री एक, १९.१. पहाटे चार, १८.८. चारच्या आकड्याआधी १८.३ लिहून खोडलं होतं. पहिले दोन आकडे निळ्या पेनानं, तिसरा काळ्या.

मी पर्समध्ये हात घातला. थर्मामीटर तिथंच होता.

घरात दुसरा आहे का, हे मी बघितलं. तापाचा एक आहे, पण तो बत्तीसच्या खाली काही दाखवत नाही. तिसरा नाही.

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "चहा ठेवू का गं? रात्री छान झोपली हो तुझी लेक."

"ठेवा," मी म्हणाले.

मी दिवसभर कुणालाच काही बोलले नाही. एका नोंदीवरून वही बाद करायची नाही, असा कचेरीचा नियम आहे. त्या नियमाचा मला त्या दिवशी फार आधार वाटला. कदाचित एकच रात्र तो दमला असेल. कदाचित थर्मामीटर दिसला नाही म्हणून घाबरून त्यानं अंदाजानं लिहिलं असेल. मी थर्मामीटर भिंतीवर लावला. त्याच्या पाठीमागे दोन बारीक बटणं आहेत. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान तो लक्षात ठेवतो. हे मी घरात कधी सांगितलं नव्हतं, कारण कधी विषयच निघाला नव्हता. गुरुवारी रात्री ड्युटीला निघताना खोलीत वीस होतं. मी जुनी नोंद पुसली आणि गेले.

शुक्रवारी माझ्या जागेवर येणारी बाई तासभर आधी आली. मी सहाला घरी पोचले. किल्ली माझ्याकडे होती.

ठिपकीच्या खोलीत शिरले तर थंडीनं दात वाजले. हीटरला हात लावला, लोखंड गार. पाळण्यात ठिपकी नव्हती. तिच्या झोपायच्या पिशवीत, खांद्यावरची दोन्ही बटणं नीट लावून, गरम पाण्याची रबरी पिशवी निजवलेली होती.

मी किती वेळ तिथं उभी होते ते मला सांगता येणार नाही. मोजलं नाही.

सासूबाईंच्या खोलीचं दार लोटलं. त्या कुशीवर झोपल्या होत्या, रजई खांद्यापर्यंत. रजईच्या काठाशी टोपऱ्याचा लाल गोंडा दिसत होता. मी रजई बाजूला केली आणि ठिपकीला उचललं. गाल तांबडेलाल, मान घामानं ओली. ती चिडून रडायला लागली. गप्प तरी नव्हती. टोपरं काढलं आणि काखेत तापाचा थर्मामीटर धरला. सदतीस पूर्णांक दोन.

सासूबाई उठून बसल्या. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "आज लवकर कशी?"

"रोज इथंच झोपते ही?"

"रोज कुठं? तुझ्या ड्युटीच्या रात्री."

"पहिल्यापासून?"

त्यांनी केस मागे बांधले. "अगं, पहिल्याच रात्री तो एकला उठेना. गजर वाजून वाजून पोर जागी झाली, हा आपला घोरतोय. मग मीच आणली इकडे. तीन पोरं याच रजईत वाढवली मी. एकाच्या तरी भिंतीवर यंत्र लावलं होतं का?"

"मग मला सांगायचं होतं, आई."

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस कामावर?"

"नसते गेले."

"मग! घरात बसून तुझा चेहरा कसा झाला होता ते आम्ही बघत नव्हतो का? तोच म्हणाला, जाऊ दे तिला, तिचं मन रमेल. वहीचं मी बघतो म्हणाला."

"आणि गरम पाण्याची पिशवी?"

"तू आल्या आल्या गादीला हात लावतेस ना? गार लागली असती तर तुझा जीव वरखाली झाला असता. म्हणून साडेपाचला उठून पाळण्यात जरा ऊब करून ठेवायचे, परत पडायचे, आणि साडेसहाला हीटर लावून हिला तिथं ठेवायचे." त्या अगदी सहज बोलत होत्या, माझ्यासाठी पाणी तापवून ठेवल्यासारखं. "तुझ्यासाठीच की सगळं."

मी ठिपकीला घेऊन आमच्या खोलीत आले, हीटर लावला आणि तिला पिशवीत घालण्याआधी ती रबरी पिशवी मोरीत नेऊन रिकामी केली. पाणी अजून कढत होतं. मग थर्मामीटरचं मागचं बटण दाबलं. सगळ्यात कमी, १२.३. डाव्या पानावर लिहिलं होतं: १९.२, १८.९, १९.०. या वेळी १८.९ हिरव्या पेनानं.

नवरा दहाला आला. अंगाला ताज्या पावाचा वास. बूट काढायला दाराशी बसला.

"मंगळवारी रात्री एकला किती होतं?" मी विचारलं.

"वहीत बघ की, हवामान खातं."

"वहीत एकोणीस पूर्णांक एक आहे."

"मग तेवढंच असणार."

"तू बघितलंस?"

"बघितलं म्हणजे? डोळे फाडून बघितलं. बाहेर कुत्री भुंकत होती बघ, त्यानं ती कुसमुसली, मग मानेला हात लावला, मग आकडा बघितला."

कुत्र्यांचं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"थर्मामीटर माझ्या पर्समध्ये होता," मी म्हणाले. "कोठारात. मंगळवारी संध्याकाळपासून बुधवारी सकाळपर्यंत."

तो बुटाची नाडी सोडत होता. ती सुटलेली होती तरी सोडत राहिला. मग हसला, लहान मुलगा पकडला गेल्यावर हसतो तसा.

"सापडलो की मी."

मी हसले नाही. त्यानं एकदा आईच्या खोलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तीन पेनं ठेवली होती खिशात," तो म्हणाला. "तूच सांगितलं होतंस ना. मधेच एक आकडा खोडायचा, तेही."

"हो. मीच सांगितलं होतं."

"अगं पण तिला झालंय का काही? वजन वाढतंय, दूध पितेय, हसतेय. आई माझ्यापेक्षा शंभर पटीनं बरी सांभाळते. आकडे खोटे होते, पोर तर खरी आहे ना?"

"ती रजईखाली होती."

"आईच्या कुशीत होती!"

"एकोणीस रात्री. आणि मी तुझे आकडे बघून झोपत होते."

त्यानं बूट बाजूला ठेवले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पहिल्या रात्री मी खरंच उठलो होतो. दहाला, एकला, चारला. आईशप्पथ. ते तीन खरे आहेत."

"आई म्हणतात, तू एकला उठलाच नाहीस."

"तिला काय आठवतंय!"

"दहाचा फोटो आहे माझ्याकडे."

"आणि बाकीचे दोन?"

"ते आता सांगता येणार नाही."

"म्हणजे माझ्या शब्दाला काही किंमतच नाही?"

मी कोठारात फोन केला. रविवारच्या रात्री मला धरू नका, पुढच्याही धरू नका, दिवसाचं काम असेल तर कळवा, असं साहेबांना सांगितलं. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. "अगं, एवढं काय त्यात," तो दोनदा म्हणाला. सासूबाई त्यांच्या खोलीत रजई झटकत होत्या, नेहमीपेक्षा जोरात.

मग मी वही खिळ्यावरून सोडवली. सगळी डावी पानं एकेक करून बघितली, फोनमधला फोटो शेजारी ठेवून. पट्टी घेतली आणि शेवटच्या नोंदीखाली लाल पेनानं रेघ मारली, कचेरीत मारतो तशी. रेघेखाली लिहिलं:

डाव्या पानांवरच्या एकूण नोंदी: सत्तावन्न. पडताळता आलेल्या: एक.