कायापालटबाबा आणि लंकाबाईचं हसू

पेठच्या बाजारात त्या दिवशी कोथिंबिरीला गिऱ्हाईक नव्हतं. सगळी गर्दी कायापालटबाबाच्या मांडवात लोटली होती. कारण नाचणी विकायला आलेली लंकाबाई अर्धी म्हातारी अन् अर्धी तरणी झाली होती! डाव्या गालावर सुरकुत्यांचं जाळं, उजवा गाल लेप लावल्यापासून तुकतुकीत.

"माताओ, लेप फक्त बाहेरून! खरी जादू पोटातून!" बाबा डबा नाचवत गरजला. "कोलाजन! हिमालयातल्या मुळीचं सत्त्व!" मग तो लंकाबाईकडे वळला, "अन् माई, तू मौन पाळ. बोललीस की तेज उडतं."

पुढेच जतनबाई उभी होती. किराणा दुकानाची मालकीण, पक्की जैन. पाणी गाळूनच प्यायची, दिवस मावळल्यावर घास घ्यायची नाही. पण आठवड्यावर मुलाचं, पीयूषचं, लग्न आलेलं, शूटिंगचे दिवे लागणार आणि शेजारी तरुण दिसणारी विहीण! आरशाने तिची झोप उडवली होती.

"बाबा, मुळी? आमाला कंदमूळ चालत नाय."

"मुळी कोण म्हणालं? पान! पवित्र पान!"

हिमालय जागेवर राहिला, मुळीचं तेवढं पान झालं. जतनबाईचं समाधान झालं. तिने बाबाच्या डब्यातलं चूर्ण घातलेला ग्लास ओठांना लावला, तोच फार्मसी शिकणारी तिची लेक सिद्धी पुढे आली.

"आई, थांब. लंकामावशी, कायापालट करणाऱ्या बाबाच्याच कपाळावर एवढ्या आठ्या कशा गं?"

लंकाबाईने बाबाकडे पाहिलं आणि ती खदाखदा हसली. उजवा गाल तडतड तडकला, पापुद्रे गळाले, खालून जुन्याच सुरकुत्या हजर!

सिद्धीने मांडवामागची टोपली उपडी केली. अंड्यांची टरफलं घरंगळली.

"अंड्यातला पांढरा बलक वाळला की कातडी ताणतो. हसलं की तडकतो. म्हणून मौन! अन् आई, झाडपाल्यात कोलाजन नसतंच. ते जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढतात. पोटात गेलं की इतर अन्नासारखंच पचतं, गालाचा पत्ता विचारत बसत नाही."

"हाडं? मला पाजत व्हता?" जतनबाईने ग्लास बाबाच्या पायाशी ओतला. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"माताजी, भावना शुद्ध असली की..." एवढं बोलून बाबा डबे टाकून नाशिकच्या गाडीमागे धावला.

लग्नाच्या शूटिंगमध्ये जतनबाई सगळ्या सुरकुत्यांसकट पोट धरून हसताना दिसते. शेजारी विहीणही हसते आहे, कारण हाच किस्सा चालू होता.

आजही दुकानात कुणी जादूच्या चूर्णाची गोष्ट काढली, की जतनबाई ताजवा खाली ठेवते. "बायांनो, आमी पाणी गाळून पितो, तसं माणसाचं बोलणंबी गाळून घ्या. आधी इचारा, कशाचं हाय? मंग गिळा."